अलहम्ब्राला जोडलेल्या खोल्या

१५२६ च्या उन्हाळ्यात सम्राट पाचवा चार्ल्स आपली नवी राणी इझाबेला हिला घेऊन ग्रॅनडाला आला. मार्चमध्ये सेविल शहरात त्यांचं लग्न झालं होतं. पुढचे सहा महिने दरबार ग्रॅनडात राहिला. सम्राटाला उतरायला जागा होती ती अलहम्ब्राची. ३४ वर्षांपूर्वीपर्यंत हा राजवाडा नसरी सुलतानांचं राहतं घर होता. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाने किल्ल्या सोपवल्या आणि घराचा मालक बदलला.

नव्या मालकाला घर आवडलं, पण अपुरं पडलं. युरोपातल्या सर्वात मोठ्या दरबाराचा लवाजमा त्या नाजूक चौकांमध्ये मावणं शक्य नव्हतं. चार्ल्सने दोन बांधकामं काढली. एक म्हणजे जुन्या महालांना जोडून सहा खोल्या. दुसरं म्हणजे त्याच महालांना खेटून एक संपूर्ण नवा राजवाडा. मालक एक, काळ एक आणि मूळ घरही एकच. तरी ही दोन जोडकामं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी आहेत की जुन्या घरात भर कशी घालावी, या प्रश्नाचा अर्धा अभ्यास इथेच होतो.

अलहम्ब्राविषयी आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा हळहळ म्हणून. गेलेलं वैभव, रडणारा सुलतान, हरवलेला अंदलूस. मला त्या सुरात लिहायचं नाही. मी अलहम्ब्राकडे एक घर म्हणून पाहतो. घर वाढतं, मालक बदलतात, कुणी नीट जोडतं, कुणी रेटून बांधतं, कुणी तोडून नेतं. या घराची साडेसातशे वर्षांची हकिगत त्या अंगाने वाचली, तर आज आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांविषयीही काही हाती लागतं.

सुलतानांनी घर कसं वाढवलं

अलहम्ब्रा एका राजाने एका नकाशावर बांधलेली वास्तू नाही. नसरी घराण्याचा संस्थापक पहिला मुहम्मद १२३८ मध्ये ग्रॅनडात आला आणि त्याने टेकडीवरचा जुना किल्ला वाढवायला घेतला. आज उभ्या असलेल्या महालांपैकी सर्वात जुना पार्ताल हा तिसऱ्या मुहम्मदच्या (१३०२ ते १३०९) काळातला. कोमारेस महालाचं मुख्य काम पहिल्या युसूफचं (१३३३ ते १३५४). सिंहांचा चौक त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद याने बांधला. त्याची गादी १३५९ मध्ये गेली आणि १३६२ मध्ये परत मिळाली. हा महाल त्या दुसऱ्या कारकिर्दीतला.

मुलाने बापाच्या महालाशेजारी नवा महाल बांधताना काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. कोमारेसचा चौक उत्तर-दक्षिण लांब आहे, मध्ये शांत पाण्याचा लांबट हौद. सिंहांचा चौक पूर्व-पश्चिम लांब आहे, मध्ये बारा दगडी सिंहांच्या पाठीवर पेललेलं कारंजं. म्हणजे नवा महाल जुन्याला काटकोनात बसवला. दोन्ही घरं मुळात स्वतंत्र होती. आज पर्यटक एका चौकातून थेट दुसऱ्यात जातात, ती वाट ख्रिस्ती राजवटीत काढलेली आहे.

नव्या चौकाची रचनाही बापाच्या चौकाची नक्कल नाही. तिथे १२४ सडपातळ संगमरवरी खांब आहेत, दोन टोकांना पुढे आलेले मंडप आहेत. कोमारेसमध्ये असं काही नाही. पण कारागिरीची भाषा तीच राहिली. खाली रंगीत फरशांचा पट्टा, वर गिलाव्यातलं कोरीवकाम, त्यावर लाकडी छत. 'अल्लाहशिवाय कुणी विजेता नाही' हे घराण्याचं बोधवाक्य दोन्हीकडच्या भिंतींवर सापडतं. उंचीचा मानही पाळला आहे. कोमारेसचा बुरूज या महालांमध्ये सर्वात उंच होता आणि नव्या महालाने त्याच्याशी स्पर्धा केली नाही.

याच पाचव्या मुहम्मदने १३७० मध्ये बापाच्या कोमारेस महालाला नवं दर्शनी तोंड दिलं. तीही भरच होती. आत काय आहे ते न बिघडवता बाहेरून आत जाण्याची पद्धत त्याने बदलली.

अंदलूसमध्ये या रीतीला जुना आधार होता. कॉर्डोबाची मोठी मशीद पहिल्या अब्दुर्रहमानने ७८५ च्या सुमारास सुरू केली. नंतर दुसरा अब्दुर्रहमान, दुसरा अल-हकम आणि अल-मन्सूर यांनी दोनशे वर्षांत ती तीनदा वाढवली. प्रत्येकाने लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींचं तेच परिमाण पुढे नेलं. तरी अल-हकमच्या भागात शिरलं की कमानींची गुंफण श्रीमंत झालेली दिसते. वाढ ओळखू येते, पण खटकत नाही.

सम्राटाची दोन जोडकामं

आता चार्ल्सकडे परत येऊ. सहा खोल्यांचं काम १५२८ मध्ये सुरू झालं. बाहेरून त्या साध्या आहेत, उंचीही बेताची आहे. आत शेकोट्या आहेत, लाकडी चौकटींचं छत आहे, भिंतींवर इटालियन वळणाची चित्रं आहेत. नसरी कारागिरीची नक्कल करण्याचा प्रयत्न नाही आणि तिला दाबण्याचाही नाही. ३०० वर्षांनी, १८२९ मध्ये, अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग याच खोल्यांत राहिला आणि अलहम्ब्रावरच्या त्याच्या पुस्तकाने ही जागा जगाला पुन्हा माहीत झाली.

पण या नम्र जोडकामानेही एक गोष्ट हिरावून घेतली. सिंहांच्या महालाच्या उत्तर टोकाला लिंदाराहाचा सज्जा आहे. त्याच्या खिडक्या मुद्दाम खाली ठेवल्या आहेत, कारण तिथे बसणारा माणूस जमिनीवर, गाद्यांवर बसत असे. बसल्या जागेवरून समोर दरी आणि पलीकडे अल्बायसिन वस्ती दिसावी, अशी ती योजना. नव्या खोल्या नेमक्या समोर आल्या आणि मध्ये एक बंदिस्त बाग तयार झाली. बाग सुंदर आहे, पण सज्जाची नजर आता समोरच्या भिंतीला अडते. मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. जुन्या घरात भिंत आणि खांब जेवढे जपायचे, तेवढंच खिडकीतून काय दिसतं आणि वारा कुठून येतो, हेही जपायचं असतं. ते कुठल्याच नकाशावर काढलेलं नसतं, त्यामुळे सगळ्यात आधी तेच जातं.

दुसरं जोडकाम म्हणजे पेद्रो माचूकाचा राजवाडा. बाहेरून सुमारे ६३ मीटर बाजूचा चौकोन, आत सुमारे ३० मीटर व्यासाचा गोल चौक. खाली ३२ डोरिक खांब, वर तेवढेच आयोनिक. इटलीबाहेर त्या काळात इतका शुद्ध रोमन वळणाचा विचार क्वचितच बांधला गेला असेल. वास्तू म्हणून ती उत्तमच आहे. पण ती नसरी महालांशी बोलत नाही. नसरी घर बाहेरून मुकं आणि आतून नटलेलं असतं. हा राजवाडा आपली ताकद बाहेरच्या दगडावर मिरवतो. नसरी चौकात खांब बोटाएवढे वाटतात; इथे प्रत्येक खांब पहारेकरी आहे. शेजाऱ्याच्या मानाने त्याचं आकारमान इतकं मोठं आहे की टेकडीचा तोल त्याच्याकडे झुकतो.

पैसा कुणाचा होता

या राजवाड्याच्या वास्तुकलेवर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याच्या खर्चाची बाजू मात्र अनेकदा एका ओळीत उरकली जाते.

१४९१ च्या तहात ग्रॅनडाच्या मुसलमानांना धर्म, मालमत्ता आणि घरं राखण्याचं वचन होतं. दहा वर्षांत ते मोडलं आणि त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. या लोकांना मोरिस्को म्हणत. १५२६ मध्ये चार्ल्स ग्रॅनडात असतानाच त्यांच्यावर नवे निर्बंध जाहीर झाले. अरबी भाषा, पोशाख, हमाम, सगळ्यावर बंदी. मोरिस्कोंनी सम्राटाला मोठी रक्कम देऊ केली, सुमारे ८० हजार डुकाट, आणि निर्बंध ४० वर्षांसाठी लांबणीवर पडले. या पैशातला वाटा नव्या राजवाड्याच्या बांधकामाकडे वळला. आपल्या पद्धतीने जगता यावं म्हणून ज्यांनी कर भरला, त्यांच्याच पूर्वजांच्या राजवाड्याशेजारी त्या करातून हा दगड रचला गेला.

४० वर्षांची मुदत संपली आणि १५६७ मध्ये निर्बंध पुन्हा आले. त्यातलं एक कलम घराशी संबंधित होतं. शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी मोरिस्कोंनी घराचे दरवाजे उघडे ठेवावेत, म्हणजे आत नमाज होते का ते रस्त्यावरून दिसेल. ज्या संस्कृतीत घराचं तोंड आत, चौकाकडे असतं, तिच्यासाठी हा हुकूम काय असेल याची कल्पना करता येते. १५६८ च्या नाताळात बंड झालं. बंडामुळे कराचा ओघ आटला आणि राजवाड्याचं काम थांबलं. १५७१ पर्यंत बंड मोडून काढलं गेलं, ग्रॅनडाचे मोरिस्को स्पेनच्या इतर भागांत हाकलले गेले आणि १६०९ ते १६१४ दरम्यान देशाबाहेर. राजवाड्याचं काम पुढे रखडत चाललं, १६३७ मध्ये कायमचं थांबलं, आणि पुढची जवळपास तीन शतकं तो बिनछपराचा राहिला. कोणताही सम्राट त्यात राहिला नाही.

अल्बायसिनमधलं एक घर

समोरच्या अल्बायसिन वस्तीत साध्या माणसांची घरं होती. बाहेरून पांढरी भिंत, आत वळणाचा प्रवेश, मग चौक आणि पाण्याचा हौद. १६ व्या शतकात या घरांवर माड्या चढल्या. खालच्या मजल्यावर नसरी पद्धतीची कमान आणि वर स्पॅनिश वळणाची लाकडी खांबांची, लाकडी कठड्याची गॅलरी, असं मिश्रण तिथल्या अनेक घरांत दिसतं. ते मोरिस्को सुतार-गवंड्यांचं काम. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. माझ्या मते जुन्या घरातल्या सहृदय वाढीचा हा सर्वात चांगला नमुना आहे, आणि त्यावर कुणा नावाजलेल्या वास्तुकाराचा शिक्का नाही.

अशाच दोन घरांची जोडी म्हणजे चापीसचं घर. ते लोरेन्सो एल चापीस आणि एर्नान लोपेस एल फेरी या मोरिस्कोंचं होतं. बंडानंतर ते जप्त झालं. इतर अनेक घरं ओस पडली. पुढे शेजारशेजारची रिकामी घरं पाडून, एकत्र करून बागांची मोठी घरं झाली. त्यांना 'कार्मेन' म्हणतात. आज पर्यटक ज्या फुललेल्या बागांचे फोटो काढतात, त्यातल्या कित्येक बागांखाली कुणाचा तरी चौक आहे.

एक घुमट चढला आणि उतरला

१९ व्या शतकात युरोपला पूर्वेचं वेड लागलं. अलहम्ब्राची दुरुस्ती ज्यांच्याकडे होती त्या राफाएल कोंत्रेरास यांनी १८५९ मध्ये सिंहांच्या चौकातल्या पूर्वेकडच्या मंडपावर रंगीत चकचकीत कौलांचा घुमट बसवला. तसा घुमट तिथे कधीच नव्हता. पण 'मूरिश' इमारत कशी दिसावी, याची त्या काळाची जी कल्पना होती, तिच्यात तो फिट्ट बसला. खऱ्यापेक्षा जास्त खरं दिसावं असा हा अट्टहास. त्याच शतकात पार्तालच्या बुरुजातलं कोरीव लाकडी छत आर्थर फॉन ग्विनर या जर्मन मालकाने बर्लिनला नेलं. पार्ताल तेव्हा खासगी घर होतं. १८९१ मध्ये त्याने ते सरकारला दिलं, पण छत बर्लिनमध्येच राहिलं आणि आज तिथल्या संग्रहालयात आहे.

१९२३ मध्ये लिओपोल्दो तोर्रेस बाल्बास हे अलहम्ब्राचे वास्तुकार झाले. पुढच्या १३ वर्षांत त्यांनी या घराला जे दिलं, ते मला कुठल्याही सुलतानापेक्षा कमी वाटत नाही. त्यांचा नियम साधा होता. पडणारं सावरा, जुनं आहे तेवढं ठेवा, नवं घालावंच लागलं तर ते जुन्याच्या रेषेत बसवा, पण जुनं म्हणून खपवू नका. कोरीव गिलावा गळून पडलेल्या जागी त्यांनी नक्षी पुन्हा कोरली नाही. सपाट, साधा गिलावा केला. दुरून भिंत अखंड दिसते आणि जवळ गेलं की कुठे जुनं संपतं ते कळतं. माचूकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकात एका बाजूची कमानींची ओळ नष्ट झाली होती. तिथे त्यांनी सुरूची झाडं लावून ती कमानींच्या आकारात छाटली. गेलेल्या बांधकामाची आठवण राहिली, खोटं बांधकाम झालं नाही.

१९३४ मध्ये त्यांनी कोंत्रेरास यांचा घुमट उतरवला आणि त्या जागी उतरत्या कौलांचं साधं छप्पर घातलं. शहरात ओरड झाली. ७५ वर्षांत लोकांना तो घुमटच अलहम्ब्रा वाटू लागला होता. चापीसचं घरही त्यांनीच दुरुस्त केलं आणि १९३२ मध्ये तिथे अरबी अभ्यासाची संस्था सुरू झाली. ज्या घरमालकांची भाषा बंद केली गेली, त्यांच्याच चौकात ती भाषा शिकवली जाऊ लागली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि तोर्रेस बाल्बास यांना पदावरून काढण्यात आलं.

१९३१ च्या अथेन्स परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेत तोच विचार कलमांच्या रूपाने आला. गळालेला भाग भरताना तो एकूण वास्तूशी सुसंगत असावा, पण मूळापासून ओळखू यावा. भर घालायची तर तिने वास्तूचा महत्त्वाचा भाग, तिचा तोल आणि परिसराशी असलेलं नातं बिघडवू नये. आणि तिसरं, प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा. सगळी वास्तू एकाच शैलीची करणं हे ध्येय नव्हे. भारतात इंटॅकने २००४ मध्ये आपली सनद केली तेव्हा त्यात आणखी एक मुद्दा जोडला. आपल्याकडे परंपरेने काम करणारे कारागीर अजून जिवंत आहेत; त्यांच्या हातून होणारा जीर्णोद्धार हाही जपणुकीचाच भाग आहे. सुलतानांच्या कारागिरांनी जे केलं, ते याहून वेगळं नव्हतं.

आपल्या माळवदाखाली

हे सगळं स्पेनपुरतं ठेवून मला थांबता येत नाही. मराठवाड्यातल्या माझ्या नात्यागोत्यात जुनी माळवदी घरं आहेत. जाड मातीच्या भिंती, सागवानी तुळया, मधला चौक. अब्बांच्या पिढीत वाटण्या झाल्या. आपल्याकडे वारसा हक्काने मुलगे, मुली, आई, सगळ्यांचा हिस्सा निघतो. तो न्याय आहे, आणि तो व्हायलाच हवा. पण हिस्सा कागदावर जितका सहज पडतो, तितका तुळईवर पडत नाही. एका चाचांना खोली हवी, दुसऱ्यांना संडास-बाथरूम, तिसऱ्याच्या मुलाचं लग्न. प्रत्येक जण आपल्या हिश्श्यात बांधतो आणि चौक हळूहळू भरून जातो.

लोकांनी वाढ करूच नये, असं म्हणणारा मी नाही. ज्या घरात माणसं राहतात ते वाढणारच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री चौक ओलांडून संडासला जावं लागू नये, ही गरज कुठल्याही कमानीपेक्षा मोठी आहे. प्रश्न फक्त कसं बांधायचं हा आहे. मातीच्या भिंतीवर थेट स्लॅबचं ओझं टाकलं की भिंतीला तडे जातात. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भिंत आतून पोखरते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा श्वास घेऊ देतो. नवी खोली स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या खांबांवर उभी करावी, जुन्या भिंतीला हलका सांधा द्यावा, म्हणजे उद्या ती काढावी लागली तरी जुनं घर शाबूत राहील. तिची उंची जुन्या माळवदाच्या खाली ठेवावी. चौक मोकळा ठेवावा, कारण उजेड आणि वारा तिथूनच येतो. नवीन खोलीला खोट्या महिरपी लावायची गरज नाही. ती आजची आहे, हे दिसलं तरी चालतं.

घरातल्या बैठकीत मी हे मांडतो तेव्हा विचारलं जातं की एवढा खटाटोप कशासाठी, पाडून नवीन बांधलं तर स्वस्त पडेल. कधी कधी ते खरंही असतं. पण पाडल्यावर आपल्या आजी-आजोबांनी गावात काय बांधलं, कुठल्या सुताराकडून बांधून घेतलं, शेजारच्या वाड्यासारखंच त्यांचंही जोतं आणि तुळया कशा होत्या, याचा पुरावा संपतो. या मातीत आपण कधीपासून आहोत, हा प्रश्न आज आपल्याला वारंवार विचारला जातो. त्याची उत्तरं भाषणांपेक्षा अशा भिंतींमध्ये जास्त ठोस असतात.

महाल राहावा, हिशेबही राहावा

आता माचूकाच्या राजवाड्याचं काय करायचं? त्याची कथा वाचून मनात राग येतो, हे मी लपवत नाही. पण व्हेनिस सनदेचं कलम मला मान्य असेल तर ते मला न आवडणाऱ्या थरालाही लागू होतं. तो राजवाडाही आता अलहम्ब्राचाच एक काळ आहे. त्याला छप्पर घालण्याचं काम ज्यांनी हाती घेतलं ते तोर्रेस बाल्बासच, नसरी महालांवर जीव असलेला माणूस. आज त्याच इमारतीत अलहम्ब्राचं संग्रहालय आहे आणि नसरी काळातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत.

एखाद्या जुन्या वास्तूतला आपल्याला न पटणारा थर खरवडून काढावा, अशी मागणी आपल्याही देशात जोरात होते. ती करणारे म्हणतात, मूळ रूप परत आणू. पण मूळ म्हणजे कुठलं वर्ष, हे ठरवणार कोण? खरवडायला सुरुवात झाली की खाली कुणाचा तरी चौक लागतो, त्याखाली आणखी कुणाचा. माझी मागणी त्यापेक्षा कमी खर्चाची आहे. ग्रॅनडाचा तो महाल उभा राहावा, आणि तो कुणाच्या करातून, कुठल्या भीतीपोटी दिलेल्या पैशातून उभा राहिला, ते त्याच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं.